धुराचा वास

ढाबेवाल्या हरीओमनं भाकरीचं ताट प्रयागबाईसमोर आदळलं.

"मावशी, काहून नाटकं करून राह्यली? पाच नंबर टेबलवाले म्हणून राह्यले, भाकरीले धुराचा वासच नाही. बाहेर पाटी कायची लावली आपण? चुलीवर कर. नाही तं उद्यापासून येऊ नको."

मागच्या गॅसवर तिनं गुपचूप भाकर भाजली होती, ती पकडली गेली. शेलूबाजारच्या हायवेवरचा हा ढाबा. दर्शनी सारवलेली चूल आणि चुलीमागं नऊवारीतली प्रयागबाई, दोन्ही गिऱ्हाइकांच्या फोटोसाठी. लोक मोटारीतून हौसेनं धूर खायला येत आणि काचा बंद करून परत जात. प्रयागबाईच्या घरी कधीच गॅस आला होता. आता धूर होता तो फक्त पोटासाठी.

कालच वाशिमला डॉक्टरनं तिला नळीत फुंकायला लावलं होतं. "जोरात! अजून, अजून, थांबू नका!" तिसऱ्या खेपेला तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"दोन वर्षांपूर्वी फुप्फुस पन्नास टक्के चालत होतं, आता पस्तीस. बिडी ओढता?"

"नाई जी."

"मग चूलच. चुलीजवळ फिरकायचं नाही, समजलं?" तो चांगलाच रागावला होता. इतक्या तळमळीनं रागावला, की तिला देवमाणूसच वाटला.

तिनं पाच नंबरकडं पाहिलं. तोच डॉक्टर, बायको-पोरीसोबत, रश्श्याची बोटं चाटत बसलेला.

तिला शिसारी आली. त्या रश्श्याची, त्या बोटांची, स्वतःच्या अंगावरच्या त्या नऊवारीचीसुद्धा. पण काम सोडून चालणार नव्हतं.

ती चुलीशी बसली. तुराट्या ओल्या होत्या. तिनं फुंकणी तोंडाला लावली. एक फुंकर, मग खोकला, मग पुन्हा फुंकर. धूर उठला तशी डॉक्टरची पोरगी मोबाईल घेऊन फोटो काढायला धावली. भाकर फुगली.

हरीओमनं ताटासाठी हात पुढं केला, पण तिनं दिलं नाही. धापा टाकत स्वतःच टेबलाशी गेली. डॉक्टरनं वर पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

"घ्या सायेब," तिनं भाकर त्याच्या ताटात ठेवली. "काल तुमी पस्तीस टक्के सांगतले ना, त्यातूनच फुकून आणली."