खंडेनवमीच्या अक्षता

"रिस्टार्ट मारला की मेलेलं मशीनपण उठतंय," करकंबच्या सेवा केंद्रातला इंद्रजीत म्हणाला. पाच रिस्टार्ट झाले, तरी कॉम्प्युटरला अंगठ्याचं मशीन सापडेना. हयातीच्या दाखल्याची आज शेवटची तारीख होती.

"सकाळधरनं हितं जिती बसलेय, दिसत न्हाय व्हय?" गोजरबाई भडकली.

"मला दिसतंय की आजी. कॉम्प्युटरला दिसत न्हाय."

तिनं रागानं मशीनची वायरच उपटली. कॉम्प्युटरच्या भोकात इंद्रजीतनं परवा खंडेनवमीच्या पूजेत वाहिलेल्या अक्षता अडकल्या होत्या. तिनं बांगडीतल्या पिनेनं त्या उकरल्या, वायर परत खुपसली. मशीनचा लाल दिवा लागला.

"घे आता अंगठा."

"थांबा आजी, आधी नारळ."

पूजेतला नारळ टेबलाच्या कडेवर एका फटक्यात फुटला. पाणी कॉम्प्युटरमध्ये गेलं.