वाढत्या अंगाचं माप

"मास्तर, तुमची मापांची वही एक दिवस द्याल का?" शाळेत नव्यानं आलेल्या बास्केटबॉलच्या बाईंनी विचारलं.

टेलरमास्तर गळ्यात टेप अडकवून काजं करत होते. शाळेचे गणवेश वीस वर्षं तेच शिवत. पाचवीच्या झाडून सगळ्या मुली त्या वहीत होत्या: नाव, पुढे फ्रॉकची लांबी आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, आत दुमडून ठेवलेल्या कापडाचे इंच. दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड होती. मास्तरांनी वही दिली आणि विसरून गेले.

आठवड्यानं बाईंनी निवडलेल्या आठ मुली जर्सीच्या मापाला आल्या आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. एकीचंही डोकं त्यांच्या कोपराच्या वर जात नव्हतं. वर्गातल्या उंच मुली राहिल्या होत्या बाजूला.

घोळ त्यांच्या लगेच ध्यानात आला. याच आठजणींच्या आयांनी "वाढत्या अंगाचं शिवा" म्हणून हुज्जत घालून पाच-पाच, सहा-सहा इंच कापड आत घालायला लावलं होतं. एक तर म्हणाली होती, "मी तेराव्या वर्षी दाराच्या चौकटीला डोकं आपटून घ्यायचे, मास्तर!" नवा फ्रॉक टाळायचे बहाणे, दुसरं काय! पण वहीतली लांबी त्या कापडासकट होती. बाईंनी वरचा मोठा आकडा पाहिला असणार. खालच्या आकड्याचं सांगायचं मास्तरांकडून राहून गेलं होतं.

"जाऊन सांगून टाका," बायको म्हणाली. "त्या काय खाणार आहेत तुम्हाला?"

"उद्या सांगतो."

तो उद्या काही उजाडला नाही. पहिल्याच सामन्यात मुली त्रेपन्न-चारनं हरल्या. मुख्याध्यापिकेनं बाईंना सगळ्यांदेखत सुनावलं: तीन वर्षांत करंडक आला नाही तर संघ बंद आणि तुमची नोकरीही. आता कोणत्या तोंडानं सांगायचं? आपल्यामुळे एका बाईचं पोट जाणार, या विचारानं मास्तरांना घास गोड लागेना.

बाई मात्र निवांत. पासिंग, ड्रिब्लिंग, पुन्हा पासिंग. कुणी टोमणा मारला तर म्हणत, "उंचीचं नंतर बघू."

सहावीच्या उन्हाळी सुट्टीनंतर दुकानात रांग लागली. आठही जणींना दुमड उसवून फ्रॉक खाली सोडून हवा होता. दिवाणखान्यातल्या पडद्यांना लावावी तशी मास्तर त्यांच्या फ्रॉकना पट्टी जोडू लागले. पुढे पुढे खांद्याचं माप घ्यायला त्यांना स्टुलावर चढावं लागे.

"नशीब बलवत्तर म्हणून वाचलो," ते बायकोला म्हणाले.

"आणि सांगायचं?"

"जिंकल्या की सांगतो."

तिसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्याला मास्तरांनी भर कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. समोरच्या संघाला चेंडू नुसता दिसत होता, मिळत नव्हता. बास्केटखाली आठजणींचेच हात. शेवटची शिट्टी झाली तेव्हा त्या बावीस गुणांनी पुढे होत्या. मास्तरांचा घसा बसला होता. चौकटीवाली आई शेजारी उभी राहून ढसाढसा रडत होती आणि मुलींनी बाईंना उचलून खांद्यावर घेतलं होतं.

बाई खाली उतरल्या तसे मास्तर पुढे झाले.

"बाई, माफ करा. तीन वर्षं छातीवर दगड आहे. त्या वहीतली लांबी खरी नव्हती हो. आत दुमडलेलं कापड तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही उंच म्हणून निवडल्या त्या सगळ्या बुटक्या निघाल्या. आज देवानं लाज राखली, बस."

बाईंनी करंडक काखेत धरला आणि हसत त्यांचा हात हातात घेतला.

"उंच मुली तर मला मैदानावर दिसतच होत्या, मास्तर. मी फक्त खालचे बारीक आकडे उतरवून घेतले होते."