शिजलेलं बेणं

हळद शिजवायच्या कुकरचं झाकण उघडलं आणि वाफेखालून हळकुंडांऐवजी बेण्याचे गड्डे निघाले. पुढच्या साली लावायला राखलेले. शिजलेल्या गड्ड्याला कोंब फुटत नाही, हे कुरुंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"कोन्या गाढवानं बेणं घातलं ह्याच्यात?" अमृतराव ओरडले.

घातलं होतं त्यांनीच. बाकीचे चहाला बसले होते तेव्हा, घमेलं भरभरून.

देविदासला ठाऊक होतं, बापाला बोलण्यात अर्थ नव्हता. तो आईकडं वळला. "माय, उद्यापासून आबाला मळ्यात आनू नको. आज बेणं घातलं, उद्या स्वतःचा हात घालतेल कुकरात."

"ते मी ठरवीन," रुक्माबाई म्हणाल्या. "आधी मला समजू तं दे झालं काय." आणि त्यांनी नातीला धरलं. "आकांक्षे, हिकडं ये. डाक्टरनं मेंदूचा आजार म्हनलं अन् गोळ्या देल्या. आत काय बिघडलं ते सांगितलं न्हाई. तू नांदेडला त्येच शिकून राहिलीस ना? मग सांग. मला समजंल असं सांग, न्हाईतर कॉलेज सोड अन् गड्डे उचलायला लाग."

आकांक्षा हसली. तिनं रिकाम्या पोत्याची सुतळी उसवून हातात घेतली.

"आज्जी, आपल्या अंगातल्या बारीक बारीक पेशींमध्ये प्रथिनं तयार होतात. अशी, सुतळीसारखी लांब. नुसती लांब सुतळी काही कामाची नाही. तिची ठरलेली घडी बसली, की मगच ती काम करते."

"अन् घडी चुकली तं?"

"घडी बसवून द्यायला आतच मदतनीस असतात. तरी नाही बसली, तर तिला तोडून तुकडे परत वापरतात."

"चांगला कारभार हाय. आपल्या घरात न्हाई असा."

"पण वय झालं की तोडायचं काम मागं पडतं. चुकलेल्या घड्या साठतात. एकमेकींना चिकटून मेंदूत त्यांचे गोळे होतात. आणि एक चुकलेली असली, की शेजारच्या चांगलीलाही ती आपल्यासारखीच वाकवते."

"भावकीच म्हन की," रुक्माबाई म्हणाल्या. कामावरच्या बाया खुदखुदल्या. रुक्माबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुतळी नातीच्या हातून घेतली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "कवापासून व्हते हे?"

"पंधरा-वीस वर्षं आधीपासून आत चालू असतं. वरून दिसत नाही."

"म्हंजे आमी दोघं कडाकडा भांडत व्हतो, तवा बी चालूच व्हतं?"

"असेल."

"काहून व्हते पन? काय खाल्ल्यानं?"

"ते अजून पक्कं कुणालाच माहीत नाही, आज्जी."

"कुनालाच?" एवढ्या मोठ्या जगात एकालाही माहीत नाही, याचं रुक्माबाईंना खरंच नवल वाटलं. मग त्यांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. "पयल्यासारखं व्हते का?"

आकांक्षानं मान हलवली. नाही.

देविदास म्हणाला, "ऐकलंस ना? मग उद्या घरीच ठेव त्यायला."

रुक्माबाईंचं लक्ष तिकडं नव्हतं. न शिजलेलं अर्धं बेणं लिंबाच्या सावलीत पडलं होतं आणि अमृतराव त्या ढिगाशी जाऊन बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची बोटं एकेक गड्डा उचलत होती, दाबत होती. निब्बर तो उजवीकडं, सडका मागं. नजर भलतीकडंच, पण एकही चुकत नव्हता.

"आकांक्षे, हे कसं काय येऊन राहिलं मग?"

"हाताच्या सवयीची जागा मेंदूत वेगळी असते. तिथं अजून पोचलं नसेल."

"खरं सांगतीस?"

रुक्माबाई उठल्या. मागं फेकलेला एक सडका गड्डा त्यांनी पदराआड घेतला, नवऱ्यासमोर फतकल मारून बसल्या आणि हळूच तो चांगल्या गड्ड्यांत सरकवला. मग गुडघ्यावर हनुवटी ठेवून वाट पाहू लागल्या.

अमृतरावांचा हात आला. थांबला. सडका गड्डा उचलून त्यांनी बायकोच्या ओच्यात टाकला आणि तिच्याकडं पाहिलं. नीट निरखून पाहिलं.

"नवी हायस का गं बाई कामाला?"

देविदासनं तोंड फिरवलं. बायांचे हात थांबले. आजवर रुक्माबाईंनी कुणाचं एक ऐकून घेतलं नव्हतं.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय मालक. आजच आले. उद्या बी येऊ का?"

अमृतरावांनी थोडा विचार केला.

"ये," ते म्हणाले. "पन माझ्या शेजारी बस. शिकवतो."