धडधाकट डोक्याची पट्टी

पांढरकवड्याच्या मोहिउद्दीन मिस्त्रींची हलीमा नर्सिंगच्या प्रात्यक्षिकात नापास झाली होती; डोक्याला बांधलेली पट्टी परीक्षकांसमोरच घसरली. यंदा तिनं सराव बापाच्या धडधाकट डोक्यावर केला, आणि पट्टी टिकते का बघायला मिस्त्री तशाच डोक्यानं ट्रकखाली शिरले. “कोनं केलं हे?” ड्रायव्हरनं विचारलं. “पोरीनं.” ड्रायव्हर जरा अदबीनं बोलू लागला. जेवायला घरी येईस्तोवर पट्टी कानावर आली. “टिकली म्हणा, नाहीतर रडंल थे,” बायको म्हणाली. “ढिला नट गिऱ्हाइकाले सांगतो, पोरीले काहून नाही सांगू?” हलीमा रडली, मग पुन्हा बांधायला बसली. तिसऱ्या दिवशी पट्टी तेलानं काळी झाली, पण हलली नाही. परीक्षेला निघालेल्या हलीमाला मिस्त्री त्याच पट्टीनिशी नागपूरच्या बसपर्यंत पोचवायला गेले. कंडक्टर म्हणाला, “पेशंटले पुढं बसवा.” “पेशंट इथंच राह्यते,” मिस्त्री म्हणाले, “नर्स चालली.”