तिथे खोल्या नसतात

“मग तिघांची अंथरुणं घालायला सांगते हं,” फोनवरच्या बाई म्हणाल्या.

त्याने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. सहली ठरवून देणाऱ्या या बाई मोठ्या लाघवी. किर्गिझस्तानच्या डोंगरात लोकरीच्या गोल तंबूत राहायचं, रात्री सगळ्यांनी एका ओळीत जमिनीवर निजायचं, घोडे अगदी गरीब, थंडी मात्र हाडापर्यंत जाते, हे सगळं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. आज संध्याकाळपर्यंत नक्की कळवलं नाही तर जागा जातील, हेही तितक्याच गोड आवाजात सांगितलं. थोड्या वेळाने बोलू म्हणून त्याने फोन ठेवला. लेक गेल्याचं त्याने त्यांना अजून सांगितलंच नव्हतं. जीभ रेटत नव्हती.

बायको पुढच्या खोलीत जमिनीवर बसून खोक्यांच्या चिकटपट्ट्या काढत होती. घरं हलवायचा त्याचा धंदा. लोकांचं सामान नव्या घरी पोचलं की रिकामी खोकी परत यायची आणि ती एकेक पट्टी नखाने सोडवून, खोकं सपाट करून भिंतीला टेकवून ठेवायची. खोक्यावर आधीच्या लोकांनी ‘स्वयंपाकघर’, ‘पुस्तकं’, ‘काचसामान’ असं काही लिहिलेलं असायचं. त्यावर तो काळ्या मार्करने काट मारायचा. एका घराचं नाव दुसऱ्या घरात न्यायचं नाही, हा त्याचा नेम. आणखी एक नेम होता. घरात लेकरू असेल तर त्याचं खोकं टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवायचं आणि सगळ्यात आधी उतरवायचं. परक्या भिंतींत पाऊल टाकताना पोराला आपली एक तरी वस्तू दिसली पाहिजे.

“त्या बाईंचा फोन होता,” तो म्हणाला. “जायचं का म्हणून विचारत होत्या. थंडी हाडापर्यंत जाते म्हणाल्या.”

“बघू.”

हल्ली ती सगळ्यालाच बघू म्हणायची. जेवतेस का, बघू. बहिणीकडे चार दिवस जाऊन येतेस का, बघू. म्हणायची बघू, आणि बघायची मात्र कशाकडेच नाही. रडतही नव्हती. रडली असती तर त्याला उठून पाणी तरी देता आलं असतं.

भिंगरी त्यांची एकुलती एक लेक. एका जागी ठरायची नाही म्हणून आत्याने ठेवलेलं हे नाव. ही सहल तिचीच. नोकरी लागल्या लागल्या तिने तिघांची नावं देऊन टाकली होती आणि वर बापाची टिंगल केली होती. बाबा, तिथली माणसं आपलं घर आपणच सोडतात, गुंडाळतात आणि घोड्यावर घालून चालू लागतात. तिथे तुम्हाला कुणी काम द्यायचं नाही, उपाशी मराल. तो पोट धरून हसला होता. मग एक साधा ताप आला, आणि घरातून तेवढी तीच गेली. तिची खोली होती तशी राहिली, दार लोटलेली. आत जायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणी जात नव्हतं, एवढंच.

तो बायकोशेजारी उकिडवा बसला आणि फोनवरचा फोटो तिच्यापुढे धरला. तंबू आतून कसा दिसतो त्याचा. तिने पट्टी ओढता ओढता मान वळवली आणि पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“खोल्या कुठायत?”

“तिथे खोल्या नसतात. एकच गोल. सगळे त्यातच.”

“मग कुणी गेलं की?”

हे बाईंनी सांगितलेलं नव्हतं. भिंगरीने एकदा दाखवलेला एक फोटो तेवढा त्याला आठवला.

“चारा संपला की ते तंबू सोडतात, पुढे जातात,” तो म्हणाला. “उभा होता तिथे गवतात पिवळा गोल राहतो.”

“किती दिवस?”

“नवं गवत येईपर्यंत असेल.”

ती उठली. भिंतीकडच्या खोक्यांतलं एक तिने ओढलं, उलगडलं, बुडाला दुहेरी पट्टी मारली आणि वजन पेलेल का ते आत तळवा दाबून पाहिलं. त्यानेच शिकवलं होतं तसं. मग ते लोटलेलं दार ढकलून ती आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, खणाचा आला, नंतर काहीच नाही. तो बसल्या जागी बसून राहिला. दुसऱ्याच्या घरात उंबऱ्यावरूनच एक नजर टाकली की सामान किती निघेल ते तो सांगायचा. या घरात त्याला ते सांगता आलं नसतं.

ती आली तेव्हा खोकं गच्च भरलं होतं. लेकीचा जाड स्वेटर तेवढा तिने बाहेर ठेवला.

“थंडी हाडापर्यंत जाते म्हणालात ना,” ती म्हणाली.

खोकं बंद करायला तो पुढे झाला. बाजूला कुणा परक्याच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं राहून गेलं होतं: ‘मुलीची खोली. आधी उघडा.’ सवयीने त्याने मार्करचं टोपण काढलं.

तिने अक्षरांवर तळवा ठेवला.

“असू द्या.”

“दुसऱ्या घरचं आहे ते.”

“असू द्या. आल्यावर आधी हेच उघडू.”

फोन वाजला. बाईच होत्या. तिघांचं नक्की ना, त्यांनी विचारलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

तिने दातांनी चिकटपट्टी तोडली आणि दोन बोटं वर केली. मघापासून सोडवत असलेल्या जुन्या पट्टीचा एक तुकडा त्यांच्याभोवती गुंडाळला गेला होता. दोन्ही बोटं एकमेकांना चिकटलेली होती.