मुखवट्याखालची खळी

प्रल्हादच्या फोनमधला फोटो सुजाताने बोटांनी मोठा केला. पांढऱ्या प्लास्टरच्या चकतीवर मुखवटा घालून नाचणारी बाई. मुखवट्याखाली हसरे ओठ आणि डाव्या गालावर खळी.

“कोण ही?”

“पणजीच्या मंडळाचं पदक आहे,” प्रल्हाद म्हणाला. “चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आधीचा कार्निवल. मुखवट्यामागे कोण, हे त्या दिवसांत विचारायचं नसतं.”

सुजाताने पुन्हा विचारलं नाही. प्रल्हादच्या वर्कशॉपमधल्या धुळीने तिला शिंका यायच्या, म्हणून ती तिकडे कधी फिरकत नसे. पण शिल्पकार झाला तरी नवरा खळी काही हवेतून आणत नाही, एवढं तिला कळत होतं. शारजातल्या ओळखीच्या यच्चयावत बायकांचे गाल तिने तपासले. डावी खळी एकीचीच निघाली, चौथ्या मजल्यावरच्या मुग्धाची. सुजाताने तिच्याशी बोलणंच टाकलं. मुग्धा बिचारी दोनदा विचारून गेली, माझं काही चुकलं का म्हणून.

धाकटी बहीण रिद्धी नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहत होती. तिलाही खळी पडायची, पण उजवीकडे. तिच्यापाशी सुजाता ढसाढसा रडली.

“माझा संसार मोडेल गं.”

“ताई, उगाच ओव्हरथिंक करू नकोस,” रिद्धी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “आणि भावजींना यातलं काही विचारू नकोस.”

नेमकं तेव्हाच आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर सावंतवाडीला जाणं भाग होतं. गोव्यातून जाणारच होती, तर पदकंही तिनेच पोचवायची ठरली. विमानतळाच्या वाटेवर तिने टॅक्सी यहयाच्या कारखान्याशी थांबवली. ओतकाम तोच करायचा.

यहयाने खोका उघडून दाखवला. ब्राँझमधली बाई झकास उतरली होती. खळी मात्र उजव्या गालावर होती.

“यहयाभाई, ये बदल दिया क्या?”

“नहीं मॅडम. आपने सांचे का फोटो देखा होगा. सांचे में सब उल्टा रहता है, माल सीधा निकलता है. यल्ला, फ्लाइट छूट जाएगी.”

सुजाता खोका घेऊन टॅक्सीत बसली. फोन वाजला. रिद्धीचा मेसेज होता.

“ताई, निवांत जा. आईजवळ हवे तितके दिवस राहा. भावजींचं मी बघते.”