हलकी माळ

काट्यावर अठ्ठावीस ग्रॅम भरले, तसं राहीबाईंनी मान वळवून मागं बाकावर बसलेल्या धाकट्या जावेकडं पाहिलं. तिचं तोंड पडलेलं बघायचं म्हणून तर तिला नेवाशाच्या सराफाकडं मुद्दाम सोबत आणलं होतं. पण रंगुबाई खुशाल हसत होती. राहीबाईंच्याच पोटात दुखायला लागलं.

आज त्यांची बोरमाळ मोडायची होती. मुलाला, ओंकारला, शिर्डीत हार-प्रसादाचा गाळा मिळत होता आणि शनिवारच्या आत डिपॉझिट भरायचं होतं. वीस ग्रॅम सोनं निघालं तरी गाळा पक्का होता. इथं तर अठ्ठावीस! राहीबाई कुणाच्या बोलण्याला भुलणाऱ्या नव्हत्या. 'अंदाजानं भाव देतो' म्हणणाऱ्या तीन दुकानांच्या पायऱ्या उतरून त्या रंगनाथशेटकडं आल्या होत्या.

"माज्या डोळ्यापुढं वितळवायची," त्यांनी बजावलं. "काय निगंल ते समोर दिसू द्या."

"भट्टी इथंच आहे. बसा," शेट म्हणाले.

माळ विस्तवावर चढली आणि राहीबाईंचं मन बावीस वर्षं मागं गेलं. सासूबाईंनी दोन्ही सुनांना एकाच दिवशी बोरमाळा दिल्या होत्या. चाळीस-चाळीस मणी, दिसायला अगदी जुळ्या. पण देताना सगळ्यांदेखत थोरलीला म्हणाल्या, "राही, तुजी हलकी हाय. सांभाळ." थोरल्या सुनेला हलकी, आणि काल उंबरा ओलांडून आलेल्या पोरीला भारी! तो शब्द राहीबाईंच्या काळजात कुसळासारखा रुतून बसला. वर्षाच्या आत चुलत दीर वाल्मिकच्या हळदीला दोघींनी माळा काढून एकाच डब्यात ठेवल्या. राहीबाईंनी दोन्ही तळहातांवर तोलून पाहिल्या आणि जड होती ती उचलली. कुणाला पत्ता लागला नाही.

तेवढ्यानं जळफळाट थांबायला हवा होता. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा ज्याचा त्याचा स्वभाव. रंगूची म्हैस दूध जास्त देते. रंगूच्या पुरणपोळीला कधी भोक पडत नाही. रंगूची निकिता पुण्यात नोकरीला लागली. आणि अदलाबदलीत वाट्याला आलेली ती हलकी माळ रंगू रोज गळ्यात मिरवते, नवरीसारखी! राहीबाईंची जड माळ मात्र चोरीच्या धाकानं कायम कपाटात.

भट्टीतून करपट वास सुटला. काळा धूर निघाला. शेटनी चिमट्यानं सोन्याची गोळी उचलली, निववली, काट्यावर ठेवली.

अकरा ग्रॅम.

"आन् बाकीचं कुटं गेलं?" राहीबाई उठूनच उभ्या राहिल्या. "दिवसाढवळ्या लुबाडता व्हय?"

"तुमच्या डोळ्यांपुढंच वितळवलं ना, बाई? लाख होती ती. पत्रा पातळ असला की मणी चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. सतरा ग्रॅम लाखच होती."

गाळा गेला. ओंकारला काय सांगायचं? राहीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच डोळ्यांना रंगूच्या गळ्यातली माळ दिसली आणि पाणी जागच्या जागी आटलं. आपलं बुडालं ते बुडालं, हिचं तरी कुठं तरतंय ते बघू!

"हिची बगा की," त्या म्हणाल्या. "हिची तर माज्याहून हलकी हाय. हिच्यात काय मातीच असंल."

रंगुबाईनं माळ काढून दिली. काट्यावर तेवीस ग्रॅम भरले. शेटनी एका मण्याच्या भोकात सुई घातली. सुई आत मोकळी फिरली. मग त्यांनी भिंग लावलं, कसोटीवर घासून पाहिलं आणि मान डोलावली.

"हिच्यात लाख नाहीच. जुनं काम, जाड पत्र्याचं. तेवीसच्या तेवीस ग्रॅम सोनं. लाख नाही म्हणून हाताला हलकी लागते, एवढंच. फक्त आतून आधार नसतो, ठोकर लागली की चेपते. हलकी माळ सांभाळावी लागते, बाई."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, तसे ते टोचले गेले. हलकी आहे, सांभाळ. सासूबाईंनी एवढंच तर सांगितलं होतं. चांगली माळ थोरलीलाच दिली होती. आणि थोरलीनं स्वतःच्या हातानं ती डब्यात ठेवून लाख उचलून आणली होती.

ओंकारचा गाळा समोरच्या तबकात पडला होता. पण ही माळ माझी आहे म्हणायचं, तर आधी मी चोर आहे म्हणावं लागणार होतं. तेही रंगूच्या तोंडावर!

"शेट," मागून रंगुबाई म्हणाली, "ही पन मोडा. पावती जाऊबाईंच्या नावानं करा."

"का गं?" राहीबाई वळल्या. "तुजी माळ..."

"माजी तर मगाच वितळली की, जाऊबाई. हळदीच्या दिशी गळ्यात घातली तवाच कळलं मला." रंगुबाईनं पुढं येऊन तबक थोरल्या जावेकडं सरकवलं. "आत्याबाई म्हनल्या हुत्या ना, तुमची हलकी हाय, सांभाळा म्हनून? तुमी इसरला. मी सांभाळली."